जाताना मोठा, येताना छोटा: एकाच प्रवासातले दोन विमानतळ

रविवारी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. दादाची बायपास गुरुवारी सकाळी आठला ठरली होती. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तो आत जायच्या आधी मला तो दिसला पाहिजे." बाकी काही बोलली नाही. आईचं वय ७६, उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली, हातात काठी. तिला घेऊन मी जाणार होते. बुधवारी रात्रीच्या आत पोचायचं, एवढंच पक्कं होतं.

दादाच्या शहराला विमानानं जायचं तर दोन दारं आहेत. एक म्हणजे त्याच्या घरापासून २५ किलोमीटरवरचा छोटा विमानतळ. तिथे एकच धावपट्टी, एकच इमारत आणि दिवसाला एकच प्रवासी विमान. दुसरा २१५ किलोमीटरवरचा मोठा विमानतळ, तिथे आमच्याकडून दिवसाला सहा थेट विमानं जातात. शहरांची नावं बाजूला ठेवते. अशा जोड्या जगात जागोजागी आहेत आणि हिशोब सगळीकडे याच वळणानं जातो.

रविवारी रात्री मी वही घेऊन बसले. छोट्या विमानतळाची वाट अशी होती: घरून आठला निघायचं, साडेदहाचं विमान, मधल्या एका तिसऱ्या शहरात सव्वा तासाचा थांबा, तिथून सत्तर आसनांचं पंख्याचं विमान, दोन वीसला उतरायचं आणि सव्वातीनला दादासमोर. मोठ्या विमानतळाच्या वाटेनं घरून निघायची वेळ तीच, पण विमान थेट. साडेबाराच्या आत उतरायचं, सामान घेऊन एकला बाहेर, मग चार-साडेचार तास गाडी. म्हणजे साडेपाच. फरक सव्वादोन तासांचा, आणि तो छोट्याच्या बाजूनं.

आणखी दोन पर्याय होते, ते लवकर गळाले. एक म्हणजे दोन्ही विमानांची तिकिटं वेगवेगळी काढणं. त्यात थोडे पैसे वाचतात, पण पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी तुम्हाला फक्त वेळेवर न आलेला प्रवासी समजते, आणि नवं तिकीट तुमच्या खिशातून. एकाच बुकिंगवर दोन्ही टप्पे असले तर पुढची सोय करणं कंपनीच्या अंगावर येतं. दिवसाला एकच विमान असलेल्या ठिकाणी जाताना वेगळी तिकिटं मी कधीही काढणार नाही. दुसरा पर्याय मंगळवारीच निघण्याचा होता. तो सगळ्यात शहाणपणाचा होता, पण मंगळवारच्या विमानात एकही जागा शिल्लक नव्हती. छोट्या विमानतळाची ही बाजू आधी लक्षात येत नाही. विमान लहान, तेही एकच, त्यामुळे ऐनवेळी ठरलं तर जागाच मिळत नाही. मोठ्या वाटेवर मात्र सहापैकी चार विमानांत आम्हा दोघींना शेजारी-शेजारी जागा होती.

उरले दोन पर्याय, आणि दिवस बुधवारच.

आईच्या बाजूनं पाहिलं तर

छोट्या विमानतळाचं पारडं मी आधी मनापासून भरलं, कारण मला तीच वाट हवी होती. मोठ्या विमानतळावर उतरल्यावर दारापासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत चालणं कधी कधी किलोमीटरभर होतं. व्हीलचेअर मिळते, पण ती येईपर्यंत विमानातून सगळ्यात शेवटी उतरायचं, मग लिफ्ट, मग दुसरी लिफ्ट. छोट्या ठिकाणी विमान इमारतीसमोरच उभं राहतं. उतरून शंभर-दीडशे पावलं चाललं की आपण आत. सामान दहा मिनिटांत हातात येतं. बाहेर आलं की समोरच दादाच्या शेजाऱ्यांची गाडी उभी असणार. पार्किंगचा मजला शोधायचा नाही, टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं नाही.

मग पायऱ्यांचा प्रश्न आला. छोट्या विमानतळावर विमानाला जोडायचा बोगदा नसतो, आणि अपंग प्रवाशाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, ज्याला अँब्युलिफ्ट म्हणतात, तीही बहुतेक ठिकाणी नसते. मी विमान कंपनीला फोन करून विचारलं तर तिथेही नव्हती. पण विमान एटीआर ७२ जातीचं होतं, आणि हे विमान जमिनीलगत बसलेलं असतं. त्याचं प्रवासी दार शेपटीकडे असतं, तेच दार उघडून खाली आलं की त्याच्या पायऱ्या होतात, आणि त्या मोजक्याच. एअरबस ए३२० चं दार जमिनीपासून साडेतीन मीटरच्या आसपास उंचीवर असतं. तिथे बोगदा नसला तर वीसेक पायऱ्यांची शिडी चढावी लागते. गुडघ्याच्या माणसासाठी मोजक्या पायऱ्या आणि शिडी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा "छोटा विमानतळ म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे हाल" असं सरसकट धरू नये. कोणतं विमान येतं ते विचारावं, दार किती उंचावर ते विचारावं.

पंख्याच्या विमानाबद्दल नातेवाइकांत जी भीती असते तिच्यात मला तथ्य दिसत नाही. त्याचं इंजिन, टर्बोप्रॉप, म्हणजे जेट इंजिनच, त्याची ताकद पंखा फिरवायला वापरलेली. ते ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, मोठं जेट ८३० च्या पुढेमागे. चारशे किलोमीटरच्या टप्प्यात प्रत्यक्ष फरक पंधरा-वीस मिनिटांचा पडतो. ते कमी उंचीवरून जातं म्हणून हवा खराब असली की जास्त हलतं, हे मात्र खरं. वरचे कप्पेही लहान असतात. जेटमध्ये सहज मावणारी हँडबॅग इथे दाराशी काढून घेतात आणि उतरल्यावर परत देतात. म्हणून औषधं आणि कागद खांद्यावरच्या छोट्या पिशवीत ठेवायचे, हे मी वहीत दोनदा लिहिलं.

रस्त्याचा मुद्दा तर सगळ्यात जड. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात. नियमित प्रवासी विमानाच्या मानानं, किलोमीटरमागे पाहिलं तर, मोटारीचा प्रवास कितीतरी धोक्याचा. विमानतळ निवडताना आपण विमानाचा विचार करत राहतो आणि २१५ किलोमीटर गाडीचे "नुसते रस्त्याचे" म्हणून सोडून देतो. तेही पहाटे उठलेल्या, दमलेल्या अंगानं. मोठ्या वाटेनं जायचंच झालं तर सकाळचं विमान घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत शहरात शिरायचं, हे त्या रात्रीच ठरलं. दुपारच्या विमानात पुढच्या रांगेतल्या जागा होत्या, तरी ते मी सोडून दिलं.

जाता जाता एक सांगते, कारण माझी एक मैत्रीण यात फसली होती. विमानतळाच्या नावावर जाऊ नका. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे. पॅरिसच्या नावानं विकला जाणारा बोव्हे ८५ किलोमीटरवर, स्टॉकहोमचा स्काव्हस्टा १०० किलोमीटरवर. उलट लंडन सिटी खरोखरच शहरात आहे. छोटा म्हणजे जवळचा असं काही नसतं. आमच्या बाबतीत तो जवळ होता, पण मी ते अंतर नकाशावर मोजूनच धरलं.

पुढचं विमान कधी?

सोमवारी सकाळपर्यंत मी छोट्याच्या बाजूनं जवळजवळ झुकले होते. मग मी एकच प्रश्न विचारला आणि सगळी मांडणी उलटीपालटी झाली. बुधवारचं विमान गेलं नाही, तर पुढचं कधी? मोठ्या वाटेवर उत्तर होतं: दोन तासांनी. छोट्या वाटेवर: गुरुवारी दुपारी. तोवर दादाला आत नेऊन सात तास झालेले असणार.

मग विमान न जाण्याची शक्यता किती, हे पाहायला लागले. ते समजून घ्यायला विमान दिवसभर काय करतं ते माहीत असावं लागतं. लहान विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं: मुख्य तळावरून एका गावी, तिथून परत, मग दुसऱ्या गावी. दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास मिळतो. सकाळी पहिल्या गावात धुकं असलं आणि विमान दीड तास अडकलं, तर तो दीड तास पुढच्या प्रत्येक गावाला वारशानं मिळतो. म्हणून तुमच्या आकाशात लख्ख ऊन असतं आणि विमान मात्र दोन तास उशिरा येतं. सकाळचं पहिलं विमान सगळ्यात भरवशाचं, कारण ते रात्रीच तळावर येऊन उभं असतं. आमचं दुपारचं विमान त्या दिवसाची चौथी फेरी होती. हे मला कंपनीनं सांगितलं नाही. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर त्या विमानाचा क्रमांक टाकून आदल्या दिवसाचा माग काढला तेव्हा कळलं.

उशीर झाला तरी एरवी विमान येतं. छोट्या विमानतळावर मात्र उशिराचं रूपांतर रद्द होण्यात पटकन होतं. तिथला टॉवर आणि अग्निशमन दल ठरलेल्या वेळेपुरतंच कामावर असतं. कोणत्या आकाराचं विमान उतरायचं असेल तर किती बंब आणि किती पाणी हवं, याच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं १ ते १० अशा श्रेणी ठरवल्या आहेत, आणि तेवढी तयारी नसेल तर नियमित प्रवासी विमान तिथे उतरवत नाहीत. काही ठिकाणी धावपट्टीला रात्रीचे दिवेच नसतात, सूर्य मावळला की दार बंद. वैमानिकांच्या कामाच्या तासांनाही कायद्यानं मर्यादा आहे. मोठ्या तळावर दुसरे वैमानिक मिळतात, एखादं राखीव विमान उभं असतं. छोट्या ठिकाणी येणारं विमान हेच पहिलं आणि हेच शेवटचं.

आणि मग हवामान. हे थोडं सविस्तर सांगते, कारण "धुक्यामुळे रद्द" या दोन शब्दांमागे काय असतं ते बहुतेक प्रवाशांना कुणी सांगत नाही. मोठ्या धावपट्टीवर आयएलएस नावाची यंत्रणा असते. ती रेडिओच्या लहरींनी विमानाला धावपट्टीची मधली रेषा आणि उतार दोन्ही दाखवते. तिच्या साध्या, पहिल्या श्रेणीत वैमानिकाला सुमारे ६० मीटर उंचीपर्यंत खाली येता येतं. तिथे धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाही तर पुन्हा वर जायचं. धावपट्टीवर साधारण ५५० मीटरपर्यंत दिसलं तरी चालतं. तिसऱ्या श्रेणीत तर याहून कितीतरी दाट धुक्यात विमान आपोआप उतरतं. ज्या धावपट्टीला आयएलएस नाही तिथे ही मर्यादा बऱ्याच वर असते आणि दिसायलाही जास्त लांबपर्यंत लागतं. म्हणजे त्याच सकाळी, तेवढेच ढग असताना, मोठ्या विमानतळावर विमानं एकामागून एक उतरत असतात आणि छोट्यावर एकही नाही. दोष वैमानिकाचाही नसतो, आकाशाचाही नसतो. उपग्रहांच्या मदतीनं उतरण्याची पद्धत आता पसरते आहे. अमेरिकेत तिच्यासाठीची डब्ल्यूएएएस यंत्रणा २००३ पासून चालू आहे, युरोपात एग्नोस आणि भारतात गगन आहे. जमिनीवर महागडी यंत्रणा न बसवताही छोट्या धावपट्ट्यांना त्यातून आयएलएसच्या जवळपास जाणारी सोय मिळू शकते, आणि माझ्या मते छोट्या गावांसाठी नव्या इमारतीपेक्षा हे काम जास्त मोलाचं आहे. दादाच्या विमानतळावर आयएलएस नव्हतं. विमानतळाच्या प्रसिद्ध माहितीत ते सरळ लिहिलेलं असतं.

डोंगर आणि वारा हा आणखी वेगळा अध्याय. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या फुंशाल विमानतळाची धावपट्टी २००० साली समुद्रावर खांब उभारून वाढवली, आता ती २७८१ मीटर आहे. तरी डोंगरावरून घसरणारा वारा मर्यादेपलीकडे गेला की विमानं उतरत नाहीत, शेजारच्या पोर्तो सांतो बेटाकडे किंवा आणखी लांब वळतात. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेनला दरीमुळे विमानं साधारण एका दिशेनं उतरतात आणि उलट दिशेनं उडतात. अशा ठिकाणी जायचं तर तिथली हवा कशी असते ते पाहूनच दिवस निवडावा. आमच्याकडे डोंगर नव्हता. धावपट्टीही एटीआरला पुरून उरेल इतकी होती, त्यामुळे उन्हाच्या दिवसात हवा विरळ होते म्हणून सामान मागे ठेवून उडायचं, तोही प्रश्न नव्हता. आमचा प्रश्न खाली उतरणाऱ्या ढगांचा आणि चौथ्या फेरीचा होता.

सोमवारी दुपारी मी त्या विमानाचे मागचे सात दिवस काढून वहीत लिहिले. चार दिवस वेळेवर. एक दिवस तासभर उशीर, एक दिवस पावणेतीन तास. एक दिवस रद्द. सात दिवसांवरून फार मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे मला कळत होतं. पण पावणेतीन तास उशीर झालेल्या दिवशीही विमान आलं होतं, म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत आम्ही पोचलोच असतो. खरी भीती होती ती त्या एका रद्द दिवसाची.

आईशी बोलणं

आतेभाऊ संध्याकाळी घरी आला. तो वर्षातून वीस-पंचवीसदा विमानानं फिरतो. त्याचं म्हणणं, "ताई, सातातला एक म्हणजे काय मोठं? आणि मामीला चार तास गाडीत बसवणार? तिची कंबर बघ." त्याचं चुकीचं नव्हतं. त्यानं आणखी एक चांगला मुद्दा काढला. छोट्या विमानतळावर उतरता आलं नाही तर विमान वळून बहुतेक त्याच मोठ्या विमानतळावर जाईल, कारण प्रत्येक विमान पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल इतकं इंधन घेऊन निघतं आणि इथला पर्याय तोच आहे. म्हणजे वाईटात वाईट, आपण मोठ्या वाटेवरच येऊन पडू.

मी बराच वेळ यावर विचार केला. विमान उडालं आणि वळवलं गेलं तर तो म्हणतो ते बरोबर. पण हवा आधीच खराब असेल किंवा सकाळच्या फेऱ्या कोलमडल्या असतील तर विमान मुळात उडतच नाही. मग आपण अडकतो तिसऱ्याच शहरात, जिथून दादाचं घर रस्त्यानं रात्रभराच्या अंतरावर आहे. शिवाय तिथे कुणी एकदम "रद्द" म्हणत नाही. आधी अर्धा तास, मग तासभर, मग "वैमानिक येत आहेत". प्रत्येक वेळी आपण आशेवर थांबतो आणि दुसरा मार्ग धरायची वेळ निघून जाते. भरपाई मिळेल की नाही हा मुद्दा मी मोजलाच नाही. युरोपसारख्या कडक नियमांतही हवामान हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण मानलं जातं, जेवण-मुक्कामाची सोय आणि दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत, एवढंच मिळतं. आणि बुधवारची रात्र कोण भरून देणार?

आईला मी काहीच लपवलं नाही. म्हटलं, "आई, एका वाटेनं तुझी कंबर नक्की दुखेल. दुसऱ्या वाटेनं बहुतेक काहीच दुखणार नाही, पण दादा आत जायच्या आधी तू पोचशीलच असं मी सांगू शकत नाही."

आई म्हणाली, "मग विचारतेस काय?"

खरं तर हिशोब तिथेच संपला होता. छोट्या विमानतळाचा फायदा जवळजवळ दर वेळी मिळतो: दोन तास, थोडा आराम. त्याचा तोटा क्वचित होतो, पण होतो तेव्हा अख्खा दिवस जातो. दिवस गेला तरी चालणार असेल तर तो फायदा डोळे झाकून घ्यावा. इथे तो दिवसच आम्हाला हवा होता.

पण याच मांडणीनं परतीचं उत्तर उलटं आलं, आणि या प्रकरणातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट हीच. परत यायला कसलीच घाई नव्हती. त्या दिवशी विमान रद्द झालं तर आम्ही कुठे असू? दादाच्या घरापासून पस्तीस मिनिटांवर. अनोळखी शहरात खोली शोधायची नाही, प्रतीक्षागृहात रात्र काढायची नाही, माघारी जाऊन त्याच अंथरुणावर पडायचं. विमान तेच, चौथी फेरी तीच, आयएलएस नसलेली धावपट्टीही तीच. पण जाताना अडकलो तर परक्या ठिकाणी, येताना अडकलो तर आपल्या माणसांत. जायचं-यायचं तिकीट एकाच विमानतळाचं काढायची आपल्याला इतकी सवय असते की हे दोन वेगळे निर्णय आहेत हे सुचतच नाही. मी दोन एकेरी प्रवास म्हणून बुकिंग केलं: जाताना मोठा, येताना छोटा. परतीचे दोन्ही टप्पे मात्र एकाच बुकिंगवर.

प्रत्यक्षात काय झालं

बुधवारी थेट विमान वेळेवर उतरलं. व्हीलचेअरला पंचवीस मिनिटं लागली. गाडी आधी ठरवलेली होती, पुढची जागा मागे सरकवून आईचा पाय लांब राहील अशी बसवली. दर सव्वा तासाला थांबून तिला चार पावलं चालवलं. तिसऱ्या तासानंतर ती बोलायची थांबली, खिडकीची मूठ धरून बसली. मधे रस्त्याचं काम चालू होतं, तिथे चाळीस मिनिटं गेली. पोचायला सहा वाजले. रुग्णालयात दादा पलंगावर टेकून बसला होता. आई काठी टेकत गेली आणि त्याच्या छातीवर नुसता हात ठेवला, जिथे दुसऱ्या दिवशी चीर पडणार होती तिथेच. दोघंही काही बोलले नाहीत.

रात्री मी छोट्या विमानतळाचं ते विमान पाहिलं. बारा मिनिटं उशिरा उतरलं होतं. म्हणजे त्या वाटेनं आलो असतो तर आई साडेतीनलाच पोचली असती, कंबर न दुखता. आतेभावानं फोनवर ते बोलून दाखवलं. माझा निर्णय त्यानं चुकीचा ठरत नाही असं मी त्याला म्हटलं, आणि आजही म्हणते. सोमवारी जे माहीत होतं त्यावर निर्णय घ्यायचा होता. बुधवारचं आकाश सोमवारी कुणाला दिसत नाही. आईच्या कंबरेची किंमत मोजली हे खरं. ती किती आहे ते मोजतानाही माहीत होतं.

शस्त्रक्रिया नीट झाली. अकराव्या दिवशी दादा घरी आला आणि चौदाव्या दिवशी आम्ही परतीला छोट्या विमानतळावर गेलो.

चेक-इनला जी मुलगी होती तीच अर्ध्या तासानं सुरक्षा तपासणीच्या दाराशी बोर्डिंग पास तपासत होती, आणि नंतर हातात वॉकीटॉकी घेऊन काचेच्या दारापाशी उभी. आईला तिनं पहिल्या रांगेत, दाराजवळ बसवलं. बाहेर ढग खाली आले होते, धावपट्टीच्या पलीकडची झाडं अर्धीच दिसत होती. दोनच्या सुमारास पंख्यांचा आवाज आला, अगदी डोक्यावर. साठ-सत्तर माणसं एकदम गप्प झाली आणि सगळ्यांनी वर छताकडे पाहिलं. आवाज गेला, दहा मिनिटांनी पुन्हा आला, पहिल्यापेक्षा जवळून, आणि मग लांब लांब जात विरला. ती मुलगी वॉकीटॉकी कानाला लावून ऐकत होती. तिनं तोंड उघडायच्या आतच आम्हाला कळलं. विमान मोठ्या विमानतळाकडे वळलं होतं, आतेभाऊ म्हणाला होता तसंच.

त्या विमानातल्या माणसांचा विचार मनातून गेला नाही. त्यांच्यातही कुणी कुणाला भेटायला निघालेलं असेल.

आमचं पुढचं काम पंधरा मिनिटांत झालं. एकच बुकिंग असल्यामुळे दोन्ही टप्पे दुसऱ्या दिवशीचे करून मिळाले, जादा पैसे नाहीत. सामान मागच्या दारानं परत आणून दिलं. रांग पाच-सहा माणसांची, कारण बाकीच्यांनी आपल्या माणसांना परत बोलावून घेतलं होतं. मोठ्या ठिकाणी असे दीडशे प्रवासी एका खिडकीपुढे उभे राहिले की तीन तास जातात, ते मी पाहिलेलं आहे. साडेतीनला आम्ही घरी. दार उघडताच दादा आतून ओरडला, "आलीस परत?" आणि वहिनींनी त्याला ओरडू नका म्हणून दटावलं. माझी एक रजा गेली, बाकी काही नाही. आईला तर तो जास्तीचा दिवस हवाच होता.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं, विमान वेळेवर आलं. आईनं काठी माझ्याकडे दिली, दाराच्या दोन्ही बाजूंचे दांडे धरले आणि एकेक पायरी स्वतः चढून गेली.

तीन महिन्यांनी दादाची तपासणी आहे आणि तिला पुन्हा जायचंय. या वेळी तारीख आधी माहीत आहे, म्हणून मी दोन दिवस आधीचं, छोट्या विमानतळाचं तिकीट काढलंय. एकच बुकिंग, शेपटीच्या दाराजवळची जागा, सामान फक्त खांद्यावरच्या पिशवीत. मधल्या शहरातला थांबा सव्वा तासाचा मिळत होता, तो मी पावणेतीन तासांचा घेतला.